शार्त्रच्या काचा

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्र तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. व्हर्साय मागे पडतं, रांबुयेचं जंगल संपतं आणि बोसचा सपाट मुलूख सुरू होतो. हे फ्रान्सचं गव्हाचं कोठार. नजर पोचेल तिथपर्यंत शेतं, मध्ये अडवणारं काही नाही. म्हणून शार्त्रचं कॅथेड्रल गावाच्या आधी दिसतं. पिकांवर दोन मनोरे उभे राहतात आणि बराच वेळ फक्त तेच दिसत राहतात. दोन्ही एकसारखे नाहीत. दक्षिणेकडचा बाराव्या शतकातला, साधा, निमुळता, सुमारे एकशेपाच मीटर उंच. उत्तरेकडच्या मनोऱ्याचं लाकडी शिखर 1506 मध्ये वीज पडून जळालं. त्याजागी जेआं द बोस या कारागिराने 1507 ते 1513 या काळात दगडी शिखर चढवलं. ते आणखी उंच आणि ज्वाळांसारख्या नक्षीने भरलेलं आहे. दोहोंमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे, आणि गॉथिक कलेचा जवळजवळ सगळा काळ त्या अंतरात मावतो.

मुंबईत वाढलेल्या माणसाला ही शैली अनोळखी नसते. विद्यापीठाची इमारत आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने गॉथिक वळणातच रेखाटले. तिथल्या टोकदार कमानी आणि रंगीत काचा पाहतच आम्ही शिकलो. पण ते एकोणिसाव्या शतकाने केलेलं पुनरुज्जीवन होतं. त्यामागची मूळ इमारत पाहायची तर उत्तर फ्रान्सला यावं लागतं.

खरं तर शार्त्रच्या आधी सँ-दनी पाहावं. पॅरिसच्या उत्तर टोकाला, मेट्रोच्या तेरा नंबरच्या मार्गावर हे उपनगर आहे. फ्रान्सचे बहुतेक राजे इथल्या बॅसिलिकात पुरले गेले, त्यामुळे बरेच पर्यटक थडग्यांवरच्या संगमरवरी मूर्ती पाहून परततात. मी मात्र वेदीच्या मागे जाऊन थांबले. 11 जून 1144 रोजी राजा सातव्या लुईच्या उपस्थितीत या भागाचं पवित्रीकरण झालं, आणि गॉथिक वास्तुकलेची सुरुवात साधारण याच जागेपासून मोजतात. ती घडवून आणणारा मठाधिपती सुजे साध्या घरात जन्मला आणि पुढे दोन राजांचा सल्लागार झाला. बांधकामाची हकिकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. छतासाठी मोठ्या तुळया हव्या होत्या आणि एवढे वृक्ष आता कुठेच उरले नाहीत असं सुतारांनी सांगितलं. तेव्हा सुजे स्वतः इव्हलिनच्या जंगलात गेला, काट्याकुट्यांतून हिंडला आणि हव्या तेवढ्या बारा तुळयांचं लाकूड शोधूनच परतला. त्याच प्राचीन जंगलाचा उरलेला तुकडा म्हणजे शार्त्रच्या वाटेवरचं रांबुये. गाडीच्या खिडकीतून ते जंगल दिसलं तेव्हा सुजेची ती पायपीट मला आठवली.

सुजेला मौल्यवान वस्तूंची ओढ होती आणि ती त्याने लपवली नाही. लूव्र संग्रहालयात त्याचा एक गरुड आहे. पेटीत पडून असलेलं लालसर पोर्फिरी दगडाचं एक प्राचीन पात्र त्याला सापडलं. सोनाराकडून त्याला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची मान, पंख आणि पंजे बसवून घेऊन त्याने ते वेदीवर ठेवलं. सोन्या-रत्नांची झळाळी आणि रंगीत काचेतून येणारा प्रकाश मनाला दगडामातीतून वर उचलतात, अशी त्याची श्रद्धा होती. इमारतीची रचना या श्रद्धेतून निघाली. गॉथिक पाहायला जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच आपोआप उलगडतं: आधी काचेची इच्छा होती, दगडाची हिकमत तिच्यासाठी शोधली गेली.

ती हिकमत समजून घ्यायला शार्त्रसारखी जागा नाही. आधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये दगडी छताचा भार सगळ्या भिंतीवर सारखा पडायचा. म्हणून भिंती जाड आणि खिडक्या बारीक. गॉथिक कारागिरांनी छताला दगडी फासळ्या दिल्या आणि भार ठरावीक खांबांवर उतरवला. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा बाजूला कमी रेटा देते, आणि रुंदी कमीजास्त असली तरी उंची सारखी राखता येते. तरीही उरणारा रेटा त्यांनी बाहेरून झेलला. कलणाऱ्या कुडाला वासा टेकवावा तशा दगडी अर्धकमानी त्यांनी इमारतीच्या बाहेर उभ्या केल्या. यांनाच फ्लाइंग बट्रेस म्हणतात. एवढं झाल्यावर दोन खांबांमधल्या भिंतीला उचलायला काही उरलं नाही. ती काढून तिथे काच लावता आली.

या तिन्ही गोष्टी शार्त्रच्या आधीही होत्या. शार्त्रच्या अनाम स्थपतीने त्या एकत्र आणून शेवटपर्यंत नेल्या. पॅरिसच्या नोत्र-दामसारख्या चर्चच्या आतल्या भिंतीत चार मजले असत. त्याने मधला सज्जा काढून टाकला आणि तीनच ठेवले: खाली कमानी, मध्ये अरुंद पट्टा आणि वर खिडक्या. वरच्या खिडक्या जवळजवळ खालच्या कमानींएवढ्या उंच झाल्या. छत सदतीस मीटरच्या आसपास गेलं. पुढची रॅन्स आणि आमियाँची कॅथेड्रलं याच आराखड्यावर उभी राहिली. या चढाओढीची हद्द बोव्हेमध्ये गाठली गेली. तिथे छत अठ्ठेचाळीस मीटरवर नेलं आणि 1284 मध्ये त्याचा काही भाग कोसळला.

शार्त्रला नवं कॅथेड्रल बांधावं लागलं ते आगीमुळे. 10 जून 1194 च्या रात्री गावासकट जुनं कॅथेड्रल जळालं. इथे मेरीचं एक पवित्र वस्त्र होतं. 876 मध्ये टकल्या चार्ल्स या राजाने ते दिलं असं मानतात. येशूच्या जन्मावेळी मेरीच्या अंगावर हेच होतं अशी भाविकांची श्रद्धा, आणि गावाची सगळी यात्रा त्याच्यावर चाले. वस्त्र गेलं या समजुतीने लोक खचले. तिसऱ्या दिवशी तळघरात अडकून राहिलेले धर्मसेवक ते घेऊन सुखरूप बाहेर आले. मेरीला अधिक भव्य मंदिर हवं आहे असा याचा अर्थ लावला गेला आणि पैसा वाहू लागला. जवळच्या बेर्शेरच्या खाणीतून टणक, शिंपल्यांचे अंश असलेला चुनखडीचा दगड येऊ लागला. मुख्य बांधकाम साधारण पंचवीस-तीस वर्षांत उरकलं. त्या काळात हा वेग अपूर्व होता, आणि इमारत आतून इतकी एकसंध वाटते याचं कारणही हा वेगच आहे. विधिवत पवित्रीकरण मात्र 1260 मध्ये झालं.

आगीतून पश्चिमेची बाजू वाचली. तिथल्या तीन दरवाजांना राजद्वार म्हणतात. 1145 ते 1155 च्या सुमाराचं हे काम आहे. दरवाजांच्या दोन्ही अंगांना खांबांइतक्याच लांब, सरळ, चुण्यांच्या झग्यातल्या राजा-राण्यांच्या मूर्ती आहेत. चोवीसपैकी एकोणीस उरल्या आहेत. शरीरं अजून खांबाची शिस्त पाळतात, पण चेहऱ्यांवर माणूस येऊ लागलाय. मी इथे आत जाण्याचं विसरून उभी राहिले. उजव्या, मेरीच्या दरवाजावरच्या कमानीत सात विद्या कोरल्या आहेत. व्याकरणविद्या हातात छडी घेऊन दोन पोरांना शिकवतेय, आणि संगीताच्या खाली पायथागोरस वाद्यावर ओणवा झालाय. शार्त्रची पाठशाळा बाराव्या शतकात युरोपभर नावाजलेली होती, म्हणून मेरीच्या दरवाजावर या विद्यांना जागा मिळाली. डाव्या दरवाजावर बारा महिने आहेत. शेकोटीशी बसलेला माणूस दिसतो, गहू कापणारा शेतकरी दिसतो. तोच गहू आजही गावाबाहेर उभा असतो.

आत शिरल्यावर घाई करू नये. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू एकेक निळा तुकडा जागा होतो, त्याच्या शेजारचा लाल दिसू लागतो, आणि थोड्या वेळाने सगळी भिंतच रंगाने भरून जाते. इथे सुमारे अडीच हजार चौरस मीटर रंगीत काच आहे, आणि तिच्यातला फार मोठा वाटा 1200 ते 1235 या काळातला, मूळचा आहे. मध्ययुगातली एवढी काच एका जागी टिकल्याची उदाहरणं युरोपात फारच थोडी आहेत.

ती कशी बनवत हे थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका भिक्षूने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं आहे. बीच वृक्षाच्या लाकडाची राख दोन भाग, वाळू एक भाग, आणि भट्टी. रंग येतो तो धातूंमुळे. निळ्याला कोबाल्ट, लालला तांबं. लाल काच इतकी गडद उतरायची की तिचा पातळ थर बिनरंगी काचेच्या जोडीने घ्यावा लागे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या फळीवर कारागीर पूर्ण आकाराचं चित्र काढायचा आणि त्यावर काच ठेवून कापायचा. हिरकणी तेव्हा नव्हती. तापवलेल्या लोखंडाने काच तडकवायची आणि चिमट्यासारख्या हत्याराने कडा कुरतडून आकार आणायचा. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगाने रंगवायच्या. हा रंग म्हणजे जाळलेल्या तांब्याची पूड आणि दळलेली काच, दारूत किंवा मूत्रात कालवलेली. मग तुकडे पुन्हा भाजायचे, म्हणजे रेषा काचेत मुरते. शेवटी शिशाच्या पट्ट्यांत बसवून जोडायचे. जमिनीवरून पाहताना शिशाची काळी रेषाच चित्राची बाह्यरेषा होते. जोड लपवण्याऐवजी कारागिरांनी त्यालाच रेखाटनाचं काम दिलं. या हस्तकलेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

काचेवरचे हे कुंचल्याचे फटकारे जवळून पाहायचे तर पॅरिसच्या क्ल्युनी संग्रहालयात जावं. पॅरिसमधल्याच सँत-शापेल या प्रार्थनागृहाच्या खिडक्यांमधून एकोणिसाव्या शतकात काढलेल्या काही काचा तिथे डोळ्यांच्या पातळीवर लावल्या आहेत. शार्त्रमध्ये मात्र मान वर करावी लागते आणि दुर्बीण लागते.

सुरुवात कोणत्या खिडकीपासून करावी? माझं उत्तर: दक्षिणेकडच्या बाजूमार्गातली चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीची खिडकी. या खिडक्या तळापासून वर वाचायच्या असतात. सगळ्यांत खाली कामात गुंतलेले चांभार आहेत. त्यांच्या वर येशू ती गोष्ट सांगतोय. मग यरुशलेमहून निघालेला वाटसरू, त्याला लुटणारे चोर, पाहून न पाहिल्यासारखे पुढे जाणारे धर्माधिकारी, आणि जखमा बांधून त्याला सरायीत नेणारा परका माणूस. इथवर गोष्ट संपते, पण खिडकी संपत नाही. तिच्या वरच्या भागात आदम आणि हव्वा येतात, त्यांची घडण आणि त्यांचं पतन. वाटेत लुटला गेलेला माणूस म्हणजे आदमची सगळी लेकरं आणि वाचवणारा परका म्हणजे ख्रिस्त, अशी जोड इथे शब्दांवाचून लावली आहे. ही रचना ज्याने केली त्याला धर्मशास्त्र आणि चित्रकला दोन्ही पक्की अवगत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही चित्रं होती असं नेहमी सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. असा दुहेरी अर्थ समजावून सांगणारं कुणीतरी शेजारी लागत असणार. खिडकी ही प्रवचनाची साथ होती.

तळाची ती कामकरी माणसं पुढे सर्वत्र भेटत राहतात. नोआच्या खिडकीखाली सुतार, चाकं बनवणारे आणि पिंपं बनवणारे. तारवाच्या गोष्टीखाली लाकडाचे कारागीर, हे किती चपखल! संत लुबाँच्या खिडकीत दारूचे व्यापारी. मेरी मॅग्डालीनच्या खिडकीखाली पाणके. शार्लमेनच्या खिडकीत फरचे व्यापारी गिऱ्हाइकापुढे अस्तर लावलेला झगा उलगडून दाखवतात. संत शेराँच्या खिडकीत पाथरवट आणि मूर्तिकार राजांच्या मूर्ती कोरताना दिसतात, बाहेरच्या दरवाजांवर आहेत तशाच. ज्यांनी हे कॅथेड्रल हातांनी उभं केलं त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांची चित्रं मात्र संतांच्या पायाशी आहेत.

ही चित्रं म्हणजे त्या त्या व्यवसायाच्या लोकांनी दिलेल्या देणगीची खूण, असं दीर्घकाळ मानलं गेलं. आता इतिहासकारांमध्ये यावर वाद आहे. शार्त्रमध्ये बिशपचं धर्ममंडळ आणि काउंट यांच्यात कारागिरांवरच्या हक्कांवरून आणि करांवरून भांडणं चालत. त्यामुळे या प्रतिमा धर्ममंडळानेच स्वतःच्या सोयीने रंगवून घेतल्या असाव्यात, असं काही अभ्यासक म्हणतात. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. तरी चांभाराच्या वाकलेल्या पाठीत जे निरीक्षण आहे ते हुकमाने येत नाही. काच रंगवणारा स्वतःही कारागीरच होता.

मोठ्या देणगीदारांनी आपली ओळख ठळकपणे ठेवली. उत्तरेच्या गोल गुलाबखिडकीत फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलं आणि कास्तीलचे किल्ले आहेत. कास्तीलची राजकन्या ब्लांश ही नवव्या लुईची आई. समोरच्या दक्षिण गुलाबाखाली द्रू या सरदार घराण्याची चिन्हं आहेत, आणि तिथेच मला सर्वांत धाडसी वाटलेली कल्पना आहे. चार उंच खिडक्यांत जुन्या करारातले चार संदेष्टे उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार बसले आहेत. आपण पूर्वसूरींच्या खांद्यांवर बसलेले बुटके आहोत, म्हणून लांबचं पाहू शकतो, हा विचार शार्त्रच्याच पाठशाळेतल्या बर्नारचा म्हणून सांगितला जातो. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तोच जणू काचेत उतरला.

दक्षिणेकडेच थोडं पुढे ‘निळी मेरी’ आहे. मधला भाग 1180 च्या आसपासचा, आगीतून वाचलेला, आणि भोवतीचे देवदूत नंतरचे. लाल पार्श्वभूमीवर तिच्या वस्त्राचा निळा इतका हलका आणि उजळ आहे की शेजारच्या तेराव्या शतकातल्या खिडक्या त्यापुढे गडद वाटतात. पश्चिमेच्या तीन खिडक्यांतही हाच जुना निळा आहे.

एवढं टिकलं कसं, हा प्रश्न पडतोच. सगळं टिकलेलं नाही. अठराव्या शतकात इथल्याच धर्ममंडळाने गायनस्थळापुढचा तेराव्या शतकातला कोरीव दगडी पडदा पाडला, आणि वेदीवरचं नवं संगमरवरी शिल्प नीट उजळावं म्हणून काही जुन्या खिडक्या काढून साधी काच लावली. 1836 मध्ये छतावरचं सगळं लाकूड जळालं. त्यानंतर लोखंडी सांगाडा आणि तांब्याचं छप्पर आलं, ते आता हिरवं पडलंय. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्या काचा उतरवून पेट्यांत भरून दूर नेल्या गेल्या. ऑगस्ट 1944 मध्ये मनोऱ्यात जर्मन टेहळे असल्याच्या संशयावरून अमेरिकन सैन्य त्यावर मारा करणार होतं. कर्नल वेलबर्न ग्रिफिथ स्वतः आत जाऊन खात्री करून आले, आणि मारा टळला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात ते मारले गेले.

आताचा वाद भिंतींचा आहे. 2009 च्या सुमारास सुरू झालेल्या जीर्णोद्धारात आतली शतकांची काजळी काढली. खाली पिवळसर रंग आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी रंगवलेले दगडांचे सांधे निघाले, आणि तेच रूप परत आणलं गेलं. जुना गूढ काळोख गेला म्हणून अनेकांनी कठोर टीका केली. मी दोन्ही बाजू वाचून गेले होते. पाहिल्यावर माझं मत जीर्णोद्धाराच्या बाजूने झालं. तो काळोख तेराव्या शतकाचा नव्हता, मेणबत्त्यांच्या आणि आगींच्या धुराचा होता. ज्यांनी भिंत काढून काच लावली, त्यांना काळी भिंत हवी असणं शक्य वाटत नाही. खांबावरच्या मेरीची मूर्ती मात्र तशीच राहू द्यायला हवी होती. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनी तिला काळी म्हणून पुजलं, आणि आता ती गोऱ्या रंगात उभी आहे. भिंत इमारतीची असते. पूजेतली मूर्ती तिला पुजणाऱ्यांचीही असते.

जाणार असाल तर काही सूचना. कॅथेड्रलमध्ये प्रवेशाला तिकीट नाही. मनोरा आणि तळघर यांची व्यवस्था वेगळी आहे. जमिनीवरचा सुमारे तेरा मीटर व्यासाचा दगडी चक्रव्यूह एरवी खुर्च्यांखाली असतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळापासून शरदापर्यंत शुक्रवारी तो मोकळा करतात, म्हणून शक्य तर शुक्रवार निवडा. उत्तरेला लागूनच तेराव्या शतकातल्या धान्यकोठारात रंगीत काचेचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, तेही पाहा. दुर्बीण विसरू नका. पॅरिसच्या सहलीत शार्त्रला अर्धा दिवस देतात, तसं करू नका. सकाळ ते संध्याकाळ द्या. पश्चिमेच्या तीन जुन्या खिडक्या सूर्य मावळतीला गेल्यावरच खऱ्या उजळतात, तेव्हा परतीची गाडी त्यानंतरचीच धरा.